मेळाव्याला ४००, शिष्यवृत्तीला १९: माजी विद्यार्थी नेमके कोठे अडतात?

गोदाकाठची

नमस्कार. नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाची चिटणीस म्हणून मी चार वर्षे काम पाहते आहे. माझी पदवी १९९६ ची, शाखा वाणिज्य आणि नोकरी विमा क्षेत्रात, म्हणजे लोकांकडे पैसे मागण्याचा संकोच मला फार पूर्वीच सोडून गेला आहे. तरीही यंदा मी गोंधळले आहे, म्हणून येथे विचारते.

गेल्या डिसेंबरात आमचा मेळावा झाला. ४०० च्या वर माणसे आली, मुंबई-पुण्याहूनही आली, जुन्या वर्गांत जाऊन बाकांवर कोरलेली नावे शोधून झाली, निवृत्त शिक्षकांच्या पाया पडून झाले आणि व्यासपीठावरून शिष्यवृत्ती निधीचे आवाहन केले तेव्हा टाळ्याही भरपूर पडल्या. मार्चअखेर हिशेब मांडला तेव्हा देणगीदार १९ निघाले आणि त्यांतले ७ आमच्याच कार्यकारिणीतले होते. जमा झाले १,१४,००० रुपये. अर्ज ६३ आले होते. आम्ही १४ जणांना प्रत्येकी ८,००० रुपये देऊ शकलो, आणि उरलेल्या ४९ मुलांना काय सांगायचे हे मला अजून सुचलेले नाही.

आपली माणसे चिकट आहेत असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण त्याच फेब्रुवारीत आमच्या तुकडीतल्या एकाच्या डायलिसिससाठी दोन दिवसांत २,७५,००० रुपये उभे राहिले आणि त्या यादीत मेळाव्याला आलेली बरीच नावे होती. मग हीच माणसे शिष्यवृत्तीपाशी का थबकतात? आपण दिली असेल तर का दिली आणि दिली नसेल तर का नाही, हे मोकळेपणाने सांगावे. मला वाईट वाटणार नाही.

कट्टेकरी

मिसळ आधी वाढली आणि आवाहन नंतर केले, तेथेच चुकले. तर्री पोटात गेलेल्या नाशिककराला पुढचे दोन तास फक्त ताक आणि अंथरूण दिसते.

सातपूरकर

मी न देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून माझी बाजू मांडतो. (आपले महाविद्यालय कोणते हे मला ठाऊक नाही; माझे मी सांगत नाही.)

२०१४ मध्ये मला पहिली बरी बढती मिळाली तेव्हा मी आपणहून १०,००० रुपयांचा धनादेश माझ्या महाविद्यालयाला ‘गरजू विद्यार्थ्यासाठी’ असे पत्र जोडून दिला. धनादेश तीन दिवसांत वटला. त्यानंतर पावती नाही, पत्र नाही, फोन नाही. सहा वर्षांनी फोन आला तो असा, की परवा मूल्यांकन समिती येते आहे, आपण कोट घालून या आणि संघाच्या सभा नियमित होतात असे सांगा. मी माझ्या १०,००० रुपयांचे काय झाले असे विचारले. पलीकडून उत्तर आले, “ते विकासनिधीत गेले असतील.” त्या ‘असतील’पाशी माझे पुढचे सगळे धनादेश थांबले. पैसे बुडाले असे मी म्हणत नाही, ते कोठेतरी लागलेही असतील. पण ते एखाद्या मुलाला मिळाले की कुंपणाच्या रंगात गेले, एवढे कळण्याचा माझा हक्क होता असे मला वाटते.

निवृत्त मास्तर

सातपूरकर, आपला राग रास्त आहे. तसल्या कोटवाल्या फोनांपैकी काही मीही केलेले आहेत, हे आधी कबूल करतो. ३१ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. त्यांतली शेवटची काही वर्षे फायली लावण्यात गेली.

पार्श्वभूमी अशी आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे आपण जिला ‘नॅक’ म्हणतो ती, १९९४ साली स्थापन झाली. आमच्या वेळी तिच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती यांविषयी होता आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा त्याचाच एक पोटभाग होता. संघ नोंदणीकृत आहे का, त्याचे योगदान किती, हे प्रश्न तेथे विचारले गेले आणि मग गावोगावच्या महाविद्यालयांत संघ जन्माला आले. जो संघ फायलीसाठी जन्मतो त्याला समिती येऊन गेली की झोप लागते, हे खरे आहे.

पण मला आणखी एक गोष्ट दिसली. ‘महाविद्यालयाचा विद्यार्थी’ ही ओळख माणूस मेळाव्यापुरती वागवतो. त्याची खरी ओळख विभागाची, प्रयोगशाळेची, एनसीसीची, नाटकाच्या चमूची, वसतिगृहाच्या खोलीची असते. आमच्या विभागाचा एक ऑसिलोस्कोप जुना होऊन बंद पडला तेव्हा मी माझ्या वहीतल्या २२ जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली आणि पत्रात त्या यंत्राचे दरपत्रकच जोडले. महिन्याच्या आत यंत्र आले. त्याच वर्षी महाविद्यालयाने ‘सर्वांगीण विकासासाठी’ काढलेल्या पत्रकाला त्याच २२ जणांपैकी एकानेही उत्तर दिले नव्हते.

पाटाचे पाणी

मास्तरांनी जे सांगितले त्यातच ताईंच्या डायलिसिसच्या कोड्याचे उत्तर आहे. त्या वेळी पैसे कोणी मागितले होते? संघाने नव्हे, एका वर्गमित्राने, दुसऱ्या वर्गमित्राचे नाव घेऊन, किती लागणार आणि कोणत्या तारखेपर्यंत लागणार हे सांगून. शिष्यवृत्तीच्या आवाहनात यांतले काय होते? ‘गरजू व होतकरू विद्यार्थी’ हा शब्दप्रयोग मी गेली ३० वर्षे ऐकतो आहे आणि त्यातून एकही चेहरा माझ्या डोळ्यांपुढे कधी आलेला नाही.

गोदाकाठची

पाटाचे पाणी, आपण म्हणता ते बरोबर असावे. आमचे पत्रक मी पुन्हा काढून पाहिले. त्यात ‘होतकरू’ हा शब्द चार वेळा आहे आणि रक्कम एकदाही नाही.

सातपूरकर, आमच्याकडे पावत्या दिल्या जातात, पण पुढे काय झाले हे देणगीदाराला कळवण्याची पद्धत आमच्याकडेही नाही. तो दोष मी मान्य करते.

हिशेबनीस

पावतीवरून आठवले. माझा व्यवसाय सनदी लेखापालाचा आहे आणि अशा काही संघांचे लेखापरीक्षण मी करतो. भावनांइतकीच कागदांचीही अडचण असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात असा संघ साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो. दर निवडणुकीनंतर नव्या कार्यकारिणीची नोंद होण्यासाठी बदल अर्ज, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात, ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला जात नाही. मग कागदोपत्री अध्यक्ष तेच राहतात जे दहा वर्षांपूर्वी होते, बँक सह्या बदलून देत नाही, आणि खात्यात पैसे असूनही जुलै महिन्यात एका मुलीची फी भरता येत नाही. हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट कराची. संघाला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जी ची मान्यता असली (नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तत्त्व तेच आहे) तर देणाऱ्याला साधारणपणे देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते. २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोखीने दिली तर ती मिळत नाही, म्हणून मेळाव्यात ताट फिरवून गोळा केलेल्या मोठ्या नोटांचा देणाऱ्याला कराच्या दृष्टीने उपयोग नाही. संघाने वर्षाचे विवरण भरून देणगीदाराला ठरावीक नमुन्यातील (१९६१ च्या कायद्याखाली १०बीई) प्रमाणपत्र द्यावे लागते. नुसती छापील पावती आता पुरत नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ही वजावट मुळातच नाही. त्यामुळे ‘कर वाचवा’ हे आवाहन आता निम्म्या सभागृहाला लागूच पडत नाही, हे लक्षात घेऊनच भाषण लिहावे.

तिसरे, सातपूरकरांनी पत्रात ‘गरजू विद्यार्थ्यासाठी’ असे लिहिले हे योग्यच केले. विशिष्ट हेतूने आलेली देणगी त्याच हेतूला लावण्याचे बंधन संस्थेवर असते. आजही लेखी विचारणा करावी.

सातपूरकर

विचारणा करीन. मात्र उत्तर येईपर्यंत मी निवृत्त झालेलो असेन.

कॅनडा कॉर्नर ते कॅनडा

माझे नाव वाचून हसून झाले असेल तर विचारतो. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरच्या कॅनडा कॉर्नर या चौकाजवळ वाढलो आणि आता खरोखरच कॅनडात राहतो. दोन वेळा महाविद्यालयाला पैसे पाठवण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ‘परदेशातून घेता येत नाहीत’ असे उत्तर मिळाले. माझ्या शेजारी राहणाऱ्या नाशिकच्याच एका गृहस्थांचे पैसे मात्र त्याच संस्थेने घेतले. हा भेदभाव कशासाठी?

हिशेबनीस

हा भेदभाव नसून पासपोर्टचा प्रश्न असण्याची शक्यता आहे. परकीय योगदान नियमन कायदा २०१० चा आहे. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देतो तेव्हा ती परकीय योगदान ठरत नाही. आपण तेथील नागरिकत्व घेतले असेल तर, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचे) कार्ड असले तरी, आपण परकीय स्रोत ठरता आणि संस्थेकडे त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिला आपला एक डॉलरही घेता येत नाही. शेजाऱ्यांकडे बहुधा अजून भारतीय पासपोर्ट असेल. संस्थेने एवढे दोन ओळींत सांगायला हवे होते.

कॅनडा कॉर्नर ते कॅनडा

तसेच आहे. त्यांचा पासपोर्ट भारतीयच आहे. १२ वर्षे मनात धरलेला राग आज आपल्यामुळे विनाकारण ठरला. धन्यवाद म्हणावे की रागवावे, कळत नाही.

पण मग माझ्यासारख्याने काय करावे?

निवृत्त मास्तर

वेळ द्यावा. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या दहा मुलांशी महिन्यातून एकदा, एक तास, दूरध्वनीच्या पडद्यावरून इंग्रजीत बोलावे. आमच्या मुलांना मुलाखतीत विषय येतो, पण तोंड उघडत नाही. हे काम देणगीपेक्षा हलके आहे असे समजू नये.

नियमावली

मी थोडा वेगळा सूर लावतो. शिष्यवृत्ती देणे हे शासनाचे काम आहे आणि शासन ते करते. शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर डझनांनी योजना आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एवढे असताना माजी विद्यार्थ्यांनी ८,००० रुपयांची वेगळी चूल मांडावी कशाला? त्यापेक्षा मुलांचे अर्ज नीट भरून द्यावेत.

पेठ रस्ता

नियमावली, आपला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्याला उत्तर द्यायचे आहे, आणि ते मी स्वतःवरून देऊ शकते.

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. २००५ साली नाशिकला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आले. शासनाची शिष्यवृत्ती मला मंजूर होती आणि ती मिळालीही, मार्चमध्ये. प्रवेश जूनमध्ये होता. त्या मधल्या नऊ महिन्यांत ॲप्रन, जर्नल, पेटी, खोलीचे भाडे, खानावळ, जाण्यायेण्याचे भाडे आणि परीक्षेचा अर्ज हे सगळे येते. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलीला एसटीचा मोफत पास असतो. महाविद्यालयात आली की तो संपतो आणि सवलतीच्या पासाला का होईना, पैसे मोजावे लागतात. ज्या दिवशी मुलगी घरापासून सर्वांत दूर जाते त्याच दिवशी तिचा मोफत पास संपतो, याचे मला नवल वाटते.

ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि माझ्याकडे पैसे नव्हते. विभागातल्या एका बाईंनी एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्याकडे ठेवलेल्या पैशांतून माझा अर्ज भरला आणि महिनाभराची खानावळ भागवली. सगळे मिळून १,५०० रुपये असतील. ते कोणी दिले हे मला आजही ठाऊक नाही. त्या वर्षी आमच्या वर्गातून तीन मुली गावी परत गेल्या. त्यांतल्या एकीला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. शासनाची योजना त्यांनाही मंजूर होती.

मी आता शिक्षिका आहे. ८,००० रुपये थोडे आहेत असे कोणी म्हटले की मला १,५०० आठवतात.

नियमावली

ताई, माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण तो अपुरा होता. योजनांची रक्कम मी पाहिली होती, तारीख पाहिली नव्हती.

निवृत्त मास्तर

शिवाय २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे. साध्या बीए-बीएस्सीच्या मुली त्यात येत नाहीत, आणि पेठ-सुरगाण्याच्या मुली जास्त करून तेथेच असतात.

द्राक्षबागायतदार

तारखेचाच विषय निघाला आहे तर शेतकऱ्याचे पंचांगही मांडतो. मी निफाड तालुक्यातला, पदवी १९९९ ची.

द्राक्षांचे पैसे येतात जानेवारी ते एप्रिलमध्ये. उन्हाळ कांदा चाळीतून भाव बघत निघतो. जून-जुलैला पेरणी आणि खते यांचा खर्च, सप्टेंबर-ऑक्टोबरला बागेची छाटणी आणि औषधांची उधारी. म्हणजे महाविद्यालय ज्या महिन्यांत फी मागते त्याच महिन्यांत आमच्या घरांत रोख नसते, मग सात-बारा कितीही मोठा असो. उत्पन्नाचा दाखला पाहून ‘बागायतदाराचा मुलगा’ म्हणून अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांनी गारपिटीच्या वर्षी एकदा बागेत येऊन उभे राहावे.

आता दुसरी बाजू. आपण आवाहन करता डिसेंबरात. त्या वेळी आम्ही माल तयार करण्याच्या खर्चात बुडालेले असतो आणि नोकरदार सुट्ट्यांच्या खर्चात. मार्चअखेर मागा. आम्ही देऊ, नोकरदारही कराच्या धावपळीत देतील. आणि वाटप जुलैत करा. मार्चला घेतलेले चार महिने बँकेत राहिले तर काही बिघडत नाही.

गोदाकाठची

हे आम्हांला कोणालाच सुचले नव्हते. आमचे वाटप फेब्रुवारीतल्या पारितोषिक वितरण समारंभात होते, कारण त्या दिवशी प्रमुख पाहुणे असतात.

पेठ रस्ता

मग ते समारंभातून काढा, अशी माझी विनंती आहे. दारावर टांगता येईल एवढा मोठा पुठ्ठ्याचा धनादेश हातात देऊन छायाचित्र काढणे आणि ते सगळ्या गटांत फिरवणे हे १८ वर्षांच्या मुलीला कसे वाटते, ते मी माझ्या विद्यार्थिनींकडून ऐकले आहे. गुणवत्तेचे पारितोषिक व्यासपीठावर द्यावे. मदत कार्यालयात द्यावी किंवा सरळ खात्यात जमा करावी.

सातपूरकर

ताई, आपले म्हणणे पटते, पण देणाऱ्याच्या बाजूने एक अडचण सांगतो. छायाचित्र नको, समारंभ नको, हे ठीक आहे. तथापि मुलाने दोन ओळी लिहाव्यात एवढी अपेक्षा चूक आहे का? मला २०१४ मध्ये तेवढेच हवे होते.

पेठ रस्ता

आभाराचे सक्तीचे पत्र हा मी लिहिलेला सर्वांत अवघड निबंध होता. तो दुसऱ्या वर्षी एका वेगळ्या मदतीसाठी लिहावा लागला आणि बाईंनी दोनदा तो ‘आणखी कृतज्ञ’ करून आणायला सांगितले. मुलाला लिहावेसे वाटले तर त्याने जरूर लिहावे. कळवण्याचे काम मात्र संघाचे आहे: आपले इतके रुपये अमुक तारखेला अमुक कारणासाठी दिले. आपल्याला २०१४ मध्ये तेवढे कळले असते तर चालले असते ना?

सातपूरकर

चालले असते. खरे तर तेवढेच हवे होते.

आजोबांचा नातू

थोडे विषयांतर होईल, पण निधीशी संबंधित आहे. १९८८ साली माझ्या आजोबांच्या स्मरणार्थ आम्ही एका महाविद्यालयात ५,००० रुपयांची कायम ठेव ठेवली. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्या व्याजातून पारितोषिक द्यायचे होते. गेल्या वर्षी ज्या मुलाला ते मिळाले त्याने आम्हांला शोधून काढून फोन केला आणि फार आदराने विचारले की पाकिटात ३२५ रुपये आहेत, ते बरोबर आहेत ना, की काही राहिले आहेत. मला काय बोलावे ते सुचेना.

हिशेबनीस

गणित बरोबर आहे. १९८८ साली व्याज दहा टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे वर्षाला ५०० रुपये आणि त्या काळी ती चांगली रक्कम होती. आज साडेसहा टक्क्यांनी ३२५. मुद्दल जागच्या जागी आहे, व्याजदर उतरला आहे आणि महागाईने उरलेले खाल्ले आहे. विश्वस्त संस्थेने पैसे कोठे गुंतवावेत यावर कायद्याची बंधने आहेत, त्यामुळे ती फार उड्या मारू शकत नाही आणि मारूही नयेत.

म्हणून ‘कायम निधी’ या शब्दाच्या मोहात सगळ्यांनीच पडू नये असे माझे मत आहे. दरवर्षी एका मुलाला ८,००० रुपये व्याजातून द्यायचे तर आजच्या दराने सुमारे सव्वा लाख रुपये अडकवावे लागतील. तेच सव्वा लाख रुपये सरळ वाटले तर याच वर्षी १५ मुलांची सोय होते. कायम निधी त्यांनीच ठेवावा ज्यांना त्यात दर काही वर्षांनी भर घालता येईल; नातवाने ठेवीत भर घालावी, हे मी सौम्यपणे सुचवतो.

आजोबांचा नातू

सौम्यपणा पोहोचला. ठेव वाढवतो.

कट्टेकरी

नाशकात नाव टिकवण्याचा खात्रीचा मार्ग वेगळा आहे. एवढी मोठी देणगी द्यावी की महाविद्यालयालाच आपले नाव मिळेल आणि मग पुढच्या पिढ्या त्याची आद्याक्षरे करतील. एचपीटीत पाच वर्षे काढलेल्या माझ्या मित्राला एच म्हणजे हंसराज हे पंचविशीत कळले. बीवायकेतल्या बी-वाय-के म्हणजे भिकुसा यमासा क्षत्रिय हे त्याला अजून सांगितलेले नाही. एकदम धक्का नको.

निवृत्त मास्तर

कट्टेकरी, आपण विनोद केला, पण त्यात आपल्या शहराचा इतिहास आहे. एचपीटी १९२४ चे. गंगापूर रस्त्यावरचे उदोजी मराठा वसतिगृह त्याही आधीचे. १९२० मध्ये त्याच्या इमारतीची कोनशिला राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसली. खेड्यातल्या मुलाला नाशकात शिकायचे तर आधी झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आपण आज ‘शिष्यवृत्ती’ म्हटले की गुणपत्रिका मागतो. त्यांनी आधी ताट मांडले होते.

नियमावली

एक सूचना करू का? मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून हमीपत्र घ्यावे, की नोकरी लागल्यावर पाच वर्षांत तो तेवढीच रक्कम निधीला परत करील. यातून निधीही फिरता राहील आणि माजी विद्यार्थी आपोआप जोडलेलेही राहतील.

वाचनवेडी

हमीपत्राच्या नावाने मला नेहमी एक करार आठवतो. १९१३ साली डॉ. आंबेडकरांना बडोदा संस्थानाने कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याची अट त्यांनी लिहून दिली होती. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजूही झाले. पण त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना आणि काही दिवसांतच ते सोडून निघावे लागले. अट मोडली असे कागद म्हणेल. ती कोणी मोडली, हे कागदावर नसते.

आपली ८,००० रुपयांची मदत कोठे आणि ती शिष्यवृत्ती कोठे, हे मला समजते. पण ज्या मुलाला पहिली पाच वर्षे बहिणीचे लग्न आणि बापाचे कर्ज फेडायचे आहे, तो हमीपत्रामुळे जोडलेला राहणार नाही. तो संघाचा फोन उचलणे बंद करील.

पेठ रस्ता

अगदी असेच होईल. मी सही केली असती आणि नंतर दहा वर्षे त्या रस्त्याने गेले नसते.

नियमावली

आज माझा दिवस नाही. तथापि, निधी फिरता राहिला पाहिजे हा माझा आग्रह कायम आहे. सक्ती नको, पण नोकरी लागल्यावर एकदा आठवण करून देण्यास हरकत नसावी.

निवृत्त मास्तर

आठवण जरूर करावी, मात्र पैशांची पहिली आठवण हाच पहिला फोन असू नये. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला की पहिली तीन वर्षे त्याला फक्त विचारावे: कोठे आहेस, काय करतोस, खालच्या वर्गातल्या कोणाला काही सांगशील का. आपण त्याला सात वर्षे विसरतो आणि आठव्या वर्षी एकदम ‘आपल्या मातृसंस्थेचे ऋण’ म्हणून पत्र पाठवतो.

गोदाकाठची

काल संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक झाली. हे सारे प्रतिसाद छापून नेले होते आणि अध्यक्षांनी सातपूरकरांचा मोठ्याने वाचायला लावला. तो वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतर जे ठरले ते कळवते, कारण प्रश्न मीच विचारला होता.

समारंभातले वाटप बंद. उरलेल्या ४९ अर्जांची आम्ही नावे न देता क्रमांकांनी यादी केली आहे आणि प्रत्येक क्रमांकापुढे मोघम गरज न लिहिता नेमके काम लिहिले आहे: परीक्षा अर्ज, जुलैची खानावळ, तीन महिन्यांचा पास, ॲप्रन व जर्नल. सगळ्यांत लहान काम ६०० रुपयांचे आहे आणि सगळ्यांत मोठे ९,५०० चे. ही यादी संघाच्या नावाने जाणार नाही. प्रत्येक तुकडीतला एक जण ती आपल्या वर्गमित्रांना स्वतः फोन करून सांगेल. १९९६ वाणिज्य माझ्याकडे आहे. पैसे दिल्यापासून ३० दिवसांच्या आत देणाऱ्याला क्रमांक, रक्कम, तारीख आणि काम एवढे लेखी कळवले जाईल. बदल अर्जाची चौकशी केली, तर हिशेबनीसांनी वर्तवले तेच निघाले: आमचाही २०१९ पासून राहिलेला आहे. तो याच आठवड्यात देतो आहोत.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. गरज कोणाची मोठी हे ठरवायचे कोणी? उत्पन्नाच्या दाखल्यावर आमचा आता विश्वास उरलेला नाही.

द्राक्षबागायतदार

वर्गातल्या मुलांना विचारा. कोण डबा आणत नाही हे त्यांना ठाऊक असते.

पेठ रस्ता

मुलांना उघड विचारू नये, एकमेकांच्या घरची चर्चा होते. प्रयोगशाळेतल्या सेवकाला आणि ग्रंथालयातल्या बाईंना विचारावे. दुपारच्या सुट्टीत वाचनालयात कोण बसून असते, हे त्या सांगतील. ताई, माझ्या नावावर यादीतला परीक्षा अर्जाचा कोणताही एक क्रमांक आणि एक महिन्याची खानावळ लिहा. माझे महाविद्यालय वेगळे आहे, पण त्याने काही अडत नसावे.

कॅनडा कॉर्नर ते कॅनडा

माझे पैसे चालत नाहीत, म्हणून माझी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारची सकाळ लिहा. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल.

सातपूरकर

४,००० रुपये, यादीतल्या कोणत्याही एका क्रमांकासाठी. धनादेश मी स्वतः आणून देईन आणि पावती हातात पडेपर्यंत तेथून उठणार नाही.

हिशेबनीस

रविवारी ११ वाजता मी पावतीपुस्तक घेऊन तेथेच बसलेला असेन. आपल्यासाठी खुर्ची ठेवतो.

कट्टेकरी

आणि मिसळ?

गोदाकाठची

पावती फाडल्यानंतर.